जुने ते सोने, पण आधी मीटर लावून पाहा

वीज आणि गॅसचे बिल हा आपल्या मंडळात हवामानाच्या खालोखाल लाडका विषय आहे. चार कुटुंबे एकत्र आली की हवा, मग बिल, आणि शेवटी ‘कोणता नवीन हीटर घ्यावा’ ही चर्चा ठरलेली. माझे म्हणणे असे की नवीन वस्तू घेण्याआधी घरात आहे ते नीट वापरून पाहावे. आपल्या आईआजींची निम्मी तंत्रे या थंड देशात अधिकच उपयोगी पडतात. मात्र जुनी प्रत्येक वस्तू चांगली असतेच असे नाही. काही वस्तू पैसे खातात आणि काही जिवावर बेततात. म्हणून या लेखात तिन्ही बाजू मांडतो: काय वापरावे, दहा-वीस पाउंडांत काय घ्यावे आणि काय बिनदिक्कत टाकून द्यावे.

आधी मोजा

पहिली खरेदी म्हणजे प्लग आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमीटर. तो दहा-पंधरा पाउंडांत मिळतो. काही ठिकाणच्या लायब्ररीत पुस्तकासारखा उसनाही मिळतो, तेव्हा आधी तिथे विचारा.

हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज लागते. या लेखात सोयीसाठी विजेचा दर युनिटला २५ पेन्स आणि गॅसचा ६ पेन्स धरला आहे. ऑफजेमची दरमर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते, म्हणून आपल्या बिलावरचा आकडा घालून हिशेब करावा. ढोबळमानाने तासाचा खर्च असा येतो:

• पंख्याचा हीटर, २००० वॅट: ५० पेन्स
• कपडे वाळवायचा तापणारा स्टँड, ३०० वॅट: साडेसात पेन्स
• हवेतील दमटपणा ओढणारा डीह्युमिडिफायर, २०० वॅट: ५ पेन्स
• विजेचे ब्लँकेट, १०० वॅट: अडीच पेन्स
• एलईडी दिवा, ८ वॅट: पाच तासांना १ पेनी

यावरून एक सूत्र ध्यानात येईल. जे उपकरण उष्णता तयार करते ते खाते. जे उजेड देते किंवा बोलते ते फारसे खात नाही. मुलांच्या मागे लागून दिवे बंद करण्यात आपण जो घसा कोरडा करतो, त्याचे मोल पेन्समध्येच आहे. खरी गळती हीटर, ड्रायर आणि इमर्शन यांत असते.

दुसरी गळती मात्र न दिसणारी. आमच्या घरातील जुना स्टिरिओ बंद असतानाही ११ वॅट घेत होता. चोवीस तास, वर्षभर, म्हणजे ९६ युनिट, सुमारे २४ पाउंड! आता तो भिंतीवरच्या बटणाने बंद होतो. भिंतीवरच्या सॉकेटला बटण असणे ही या देशातली आणि भारतातली सारखीच सोय. ती वापरावी.

स्वयंपाकघर: कुकर आणि गोधडी

प्रेशर कुकर आपण ‘आपला’ मानतो, पण त्याचा जन्म लंडनशी जोडलेला आहे. डेनिस पापिन या फ्रेंच माणसाने १६७९ साली वाफेच्या दाबावर चालणारे भांडे तयार केले. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांनी त्यात शिजवलेले जेवण घेतले, आणि जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. पुढे १९५९ साली मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली तीही एका इंग्लिश कंपनीच्या सहकार्याने. तेव्हा बॅगेत घालून आपण जो कुकर इकडे आणतो, तो एका अर्थी माहेरीच परत येतो.

त्याचे शास्त्र सोपे आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि शिजण्याचा वेळ साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. विजेच्या हॉबवर तुरीची डाळ उघड्यावर पाऊण तास शिजवली तर ढोबळमानाने पाऊण युनिट, म्हणजे १९ पेन्स. कुकरमध्ये पाव युनिट, म्हणजे ६ पेन्स. रोज डाळ होत असेल तर वर्षाला ४५ पाउंडांच्या आसपास फरक पडतो. गॅसवर हीच बचत चौथ्या हिश्श्याएवढी, कारण गॅसचा दर मुळातच कमी आहे.

इथे एक सवय मोडावी लागेल, ती म्हणजे शिट्ट्या मोजण्याची. पहिली शिट्टी झाली याचा अर्थ आत पूर्ण दाब तयार झाला. त्यानंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे आपण पैसे देऊन तयार केलेली वाफ बाहेर फेकणे. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी मंद करावी आणि घड्याळ लावून आठ-दहा मिनिटे ठेवावे. बाहेर फेकलेली वाफ खिडकीच्या काचेवर आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसते. तिच्याबद्दल पुढे येईलच. कुकरचे रबर कडक झाले किंवा चिरले की लगेच बदलावे. साउथॉल, वेम्बली, लेस्टर येथील दुकानांत मूळ कंपनीचे रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मिळतात. दुसऱ्या कंपनीचे ‘बसते आहे ना’ म्हणून लावू नये.

आता गोधडी. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी इथल्या गृहिणी गवत भरलेल्या पेटीत उकळते पातेले ठेवून देत आणि ते आपल्याच उष्णतेवर शिजत राही. आपल्याकडे भात ‘मुरायला’ ठेवतात त्याचाच हा थोरला भाऊ. जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे भांडे घ्यावे. ते निदान निम्म्याहून अधिक भरलेले असावे, कारण थोडे अन्न लवकर निवते. पदार्थाला खळखळून उकळी आणून पाच ते दहा मिनिटे ठेवावी, मग भांडे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून भोवती, खाली आणि वर जुनी गोधडी किंवा ब्लँकेट दाबून बसवावे. भाताला अर्धा-पाऊण तास, मूगडाळीला तास-सव्वा तास पुरतो.

दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. एक, अन्न ६३ अंशांच्या खाली रेंगाळू देऊ नये. म्हणून पेटीतले भांडे रात्रभर ठेवू नये आणि वाढण्यापूर्वी पुन्हा एक उकळी आणावी. उरलेला भात तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. शिळ्या, कोमट भातातले जंतू नुसते गरम करून जात नाहीत. त्यांनी तयार केलेले विष तसेच राहते. दोन, राजमा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे एक द्रव्य असते. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय गोधडीत किंवा विजेच्या स्लो कुकरमध्ये घालू नये. मंद आचेवर हे द्रव्य नष्ट होत नाही. प्रेशर कुकरला ही अडचण नाही.

हेच तत्त्व दह्याला लागू पडते. थंडीत दही लागत नाही ही इथली कायमची तक्रार. रुंद तोंडाचा थर्मास गरम पाण्याने विसळून त्यात बोट सहन करील इतके कोमट दूध आणि चमचाभर विरजण घालावे, सकाळी दही तयार. वीज शून्य. हा थर्मासही इथलाच: जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली लंडनमध्ये निर्वात भांडे तयार केले ते अतिथंड द्रवरूप वायू ठेवण्यासाठी. जुन्या घरात गरम पाण्याच्या टाकीचे कपाट असेल तर इडलीच्या पिठाला त्यासारखी जागा नाही.

पुण्याचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने ‘सराई कुकर’ लोकांपुढे आणला. एकावर एक डबे, खाली थोडे पाणी, बाहेरून उष्णता राखणारे आवरण. शंभरेक ग्रॅम कोळशावर घरापुरता भात, वरण, भाजी. या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा आणि घरगुती बायोगॅस या कामांसाठी २००२ आणि २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचे तत्त्व जरूर घ्यावे: डब्यावर डबा, कमी पाणी, आच्छादन. कोळसा मात्र इथल्या बंद घरात मुळीच पेटवू नये. कारण पुढे येते.

ज्यांच्याकडे इंडक्शन हॉब येणार आहे त्यांनी नवी भांडी घेण्याआधी फ्रिजवरचे लोहचुंबक काढून सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावून पाहावे. चिकटले तर भांडे चालेल. भारतातून आणलेली ॲल्युमिनियमची आणि पुष्कळशी स्टीलची भांडी नापास होतील, पण माळ्यावर टाकलेला बिडाचा सपाट तवा पहिल्या नंबराने पास होईल.

माणूस गरम ठेवा, पण खोली गार पडू देऊ नका

विजेचे ब्लँकेट आणि रबरी पिशवी ही या देशातली सर्वांत स्वस्त ऊब. झोपण्याआधी तासभर ब्लँकेट लावले तर अडीच पेन्स. तरीही वृद्ध आईवडील, तान्ही मुले आणि आजारी माणसे असलेल्या घरात वावरण्याची खोली निदान १८ अंश ठेवावी, असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. भारतातून आलेले आईवडील ‘आम्हाला काही थंडी वाजत नाही’ म्हणतील. त्यांचे ऐकू नका, पाच पाउंडांचा तापमापक भिंतीवर लावा आणि त्याचे ऐका. गार खोलीत रक्तदाब वाढतो आणि छातीचे विकार बळावतात.

रबरी पिशवीच्या मानेजवळ फुलासारखा शिक्का असतो. त्याच्या मध्यभागी तयार झाल्याचे वर्ष असते. दोन वर्षांनी पिशवी बदलावी. उकळते पाणी घालू नये, दोन-तृतीयांशच भरावी आणि आतली हवा काढून झाकण लावावे. आपल्या समाजात मधुमेह पुष्कळ आहे. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना भाजल्याचे कळत नाही आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. त्यांनी पिशवीने अंथरूण गरम करावे आणि झोपताना ती बाजूला काढावी.

घरात कॉम्बी बॉयलर असेल तर एक बदल फुकट होतो. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान अनेक घरांत ७५-८० अंशांवर ठेवलेले असते. ते ६० च्या आसपास आणले की बॉयलर अधिक कार्यक्षमतेने चालतो. घर गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकेच. पाण्याची वेगळी टाकी असलेल्यांनी मात्र टाकीतले पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. कोमट पाण्यात न्यूमोनियाचे जंतू वाढतात.

वाफ, ओल आणि बुरशी

डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घकाळच्या संपर्कामुळे त्याला श्वसनाचा गंभीर विकार झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. सुदानहून आलेल्या या कुटुंबाच्या राहणीमानाबद्दल गृहीतके धरली गेली, हे घराची मालकी असलेल्या संस्थेने नंतर कबूल केले. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधील सोशल हाउसिंगसाठी २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि धोकादायक ओल व बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घेणे घरमालकावर बंधनकारक झाले आहे. ‘तुमच्या फोडणीमुळे बुरशी येते’ हे उत्तर आपल्यापैकीही अनेकांनी ऐकले असेल. छप्पर, पाइप किंवा पंखा बिघडला असेल तर ती मालकाची जबाबदारी आहे. तारखेसह फोटो आणि लेखी तक्रार ठेवा.

आपल्या हातात जे आहे ते स्वस्त आहे. दहा पाउंडांचा आर्द्रतामापक घ्या. आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहावा. भांड्यावर झाकण, स्वयंपाक करताना दार बंद आणि पंखा चालू. सकाळी खिडकीच्या काचेवरचे पाणी रबरी पुसणीने ओढून काढावे. कपड्यांच्या एका धुण्यातून सुमारे दोन लिटर पाणी घरातल्या हवेत जाते. तेव्हा कपडे एकाच छोट्या खोलीत, दार लावून, शेजारी डीह्युमिडिफायर लावून वाळवावेत. सहा तासांचे ३० पेन्स होतात. साध्या ड्रायरच्या एका फेरीला पाउंडभर लागतो. यंत्राने ओढलेले पाणी बादलीत दिसले की घरातल्या मंडळींची खात्री पटते.

भारतातला मिक्सर आणि इथला प्लग

भारतातील आणि इथला वीजदाब सारखाच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. त्यामुळे आपला मिक्सर इथे विनातक्रार चालतो. फक्त पिना वेगळ्या. गंमत म्हणजे भारतातल्या गोल पिना हे ब्रिटनचेच जुने मानक. इथे १९४७ साली चौकोनी पिनांचा आणि आत फ्यूज असलेला प्लग आला, आणि भारताने जुनाच ठेवला. प्रवासी ॲडॅप्टर कायमचा वापरू नये. तो सैल बसतो आणि तापतो. जाणकाराकडून इथला प्लग बसवून घ्यावा. तपकिरी वायर लाइव्ह, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या भारतीय वायरीत लाल लाइव्ह, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. वॅटला २३० ने भागले की ॲम्पियर मिळतात. साधारण नियम असा की ७०० वॅटपर्यंत ३ ॲम्पियरचा फ्यूज आणि त्यावर १३ चा. ७५० वॅटचा मिक्सर ३.३ ॲम्पियर घेतो, म्हणून त्याला ३ चा पुरणार नाही. उलट टेबललॅम्पला १३ चा फ्यूज लावणे धोक्याचे, कारण बिघाड झाला तर फ्यूजच्या आधी वायर जळते. आणि हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच लावू नये.

जुना फोन

ड्रॉवरमधला जुना स्मार्टफोन आजीआजोबांच्या फार कामाचा आहे. औषधाच्या वेळेचे गजर, बाटलीवरची बारीक अक्षरे मोठी करून वाचायला कॅमेरा, आणि वायफायवर नातवंडांचे चेहरे. मात्र ज्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज न करता कौन्सिलच्या केंद्रात द्यावा. आणि हे लक्षात ठेवा: सिमकार्ड नसलेल्या फोनवरून या देशात ९९९ लागत नाही.

जुना तारेचा लँडलाइन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होऊन फोन इंटरनेटवर जात आहेत. म्हणजे वीज गेली की फोनही गेला. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे फक्त लँडलाइनवर अवलंबून आहेत किंवा गळ्यात मदतीचे बटण घालतात, त्यांनी हे कंपनीला स्पष्ट सांगावे. केवळ लँडलाइनवर अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर निदान तासभर आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय मोफत मागता येते. वीज कंपनीच्या ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’मध्येही नाव घालावे, तेही मोफत आहे.

टाकून द्यायच्या आणि घ्यायलाच हव्यात अशा वस्तू

दहा वर्षांवरील विजेचे ब्लँकेट, डाग पडलेले किंवा तारा दिसणारे ब्लँकेट, चिरलेली वायर, दहा वर्षांपूर्वीचा धुराचा अलार्म: यांत ‘जुने ते सोने’ नाही. कोणाला दानही देऊ नका.

घ्यायलाच हवा तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, पंधरा-वीस पाउंडांचा. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे फ्लूसारखी वाटतात, पण घराबाहेर गेले की बरे वाटते. म्हणूनच शेगडी आणि बार्बेक्यू, विझत आलेला असला तरी, घरात आणू नये. शंका आल्यास खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर, ०८०० १११ ९९९ वर, फोन करावा. भाड्याच्या घरात बॉयलर किंवा शेकोटी असलेल्या खोलीत हा अलार्म बसवणे इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकाचे काम आहे.

बिघडलेली वस्तू फेकण्याआधी जवळचा ‘रिपेअर कॅफे’ शोधा. २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये सुरू झालेली ही चळवळ आता इथल्या अनेक गावांत पोचली आहे. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये चहा मिळतो, आणि निवृत्त इंजिनियर मंडळी टोस्टर उघडून बसलेली असतात. आपल्या मंडळातही असे हात पुष्कळ आहेत. हॉल आपला आहे, चहाही होतोच. दर दोन महिन्यांनी एक दुपार दुरुस्तीसाठी ठेवता आली तर कितीतरी मिक्सर वाचतील. ज्यांना यात हातभार लावायचा आहे त्यांनी पुढच्या सभेपूर्वी संपादकांना जरूर कळवावे.